पावसाळ्यातील द्रव्यशोषण : दवाखान्यातील वायुवीजित कपाटाची उभारणी

वनस्पतीचे कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे, याविषयी चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात स्पष्ट दिग्दर्शन आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरद ऋतूत, सार हेमंतात आणि फुले-फळे आपापल्या काळी घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. पदवी अभ्यासक्रमात हे सारे आपण पाठ केलेले असते. परंतु हा संकेत भंडारा जिल्ह्यात प्रत्यक्ष पाळू गेल्यास एक अडचण उभी राहते. श्रावण-भाद्रपदात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर भुईआवळी, माका, पुनर्नवा रसरशीत उभी असते. द्रव्य घेण्याचा काळ हाच आणि द्रव्य वाळवता न येण्याचा काळही हाच. आपल्याकडे वर्षाचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वैनगंगेचा काठ, मालगुजारी तलाव आणि पाण्याने भरलेल्या बांध्या यांमुळे पाऊस उघडला तरी हवेतील दमटपणा उतरत नाही. छायाशुष्क करावे असे शास्त्र सांगते. पण या दिवसांत छायेत ठेवलेले द्रव्य वाळत नाही, ते कुजते.

प्रस्तुत लेखात आम्ही आमच्या दवाखान्यात उभारलेल्या एका लहानशा शोषण-कपाटाची माहिती देत आहोत. स्वतःच्या रुग्णांसाठी चूर्णे करणारे वैद्य आणि लहान औषधालये चालविणारे व्यावसायिक यांना ती उपयोगी पडेल, अशी अपेक्षा आहे. मोठ्या रसशाळांकडे यासाठी यंत्रसामग्री असते. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

या उद्योगास आम्ही का लागलो, ते आधी सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सुमारे आठ किलो भुईआवळी दवाखान्याच्या मागील खोलीत वर्तमानपत्रांवर पसरली व वर छताचा पंखा सुरू ठेवला. पाच दिवसांनी पाने चुरचुरीत लागली. आम्ही समाधानाने चूर्ण केले आणि प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरले. तीन आठवड्यांनंतर कामलेच्या एका रुग्णाने आपली डबी परत आणली. चूर्णाचे खडे झाले होते, वास कोंदट होता आणि एका खड्याच्या कडेला पांढुरके जाळे दिसत होते. आम्ही साठ्यातील बरणी उघडून पाहिली, तर तळाशी तीच अवस्था. पाने वाळली होती, पण काड्या आतून ओल्याच राहिल्या होत्या. कुटताना ती ओल सर्व चूर्णात पसरली. तोपर्यंत अकरा रुग्णांना ते चूर्ण दिले गेले होते. नोंदवहीतील पत्ते काढून आम्ही प्रत्येकाच्या घरी निरोप धाडला आणि चूर्ण परत घेतले. सुदैवाने कोणास अपाय झाल्याचे आढळले नाही. पण त्या आठवड्यात आम्हास झोप लागली नाही, हे कबूल करावयास हवे.

झोप न लागण्याचे कारण असे, की बुरशी लागलेले द्रव्य केवळ हीनवीर्य होते एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष मुख्यत्वे यकृतावर आघात करते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शेकडो माणसे कावीळ व जलोदर होऊन आजारी पडली आणि त्यांतील शंभराहून अधिक दगावली. कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता आणि भिजलेली कणसे नीट न वाळवताच साठविली गेली होती. भुईआवळी आपण कोणास देतो? ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे त्यास. असे चूर्ण त्याच्या हाती देणे म्हणजे उपचाराच्या नावाने नेमक्या दुखऱ्या जागी घाव घालणे होय. शिवाय कुटून, चाळून, पुन्हा उन्हात घालून बुरशी दिसेनाशी होते. विष मात्र जात नाही. सामान्य उष्णतेने ते नष्ट होत नसल्याने असे द्रव्य ‘सुधारून’ वापरण्याचा मोह कोणीही धरू नये. आम्ही तो सर्व साठा जमिनीत पुरला.

निवात, पण एका बाजूने प्रवात

कल्पस्थानातील त्याच अध्यायात द्रव्ये ठेवण्याच्या आगाराचे वर्णन आहे. दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, पाणी, बाष्प, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांचा तेथे शिरकाव नसावा. द्रव्ये नीट झाकून शिंक्यावर टांगावीत. आणि ती जागा निवात असून एका भागात प्रवात असावी. विद्यार्थिदशेत हे शेवटचे विशेषण आम्हास विसंगत वाटे. वारा नको आणि वारा हवा, हे एकाच जागी कसे जमावे? कपाट बांधल्यावर त्याचा अर्थ उलगडला. चहूकडून मनमानी शिरणारा वारा धूळ आणि ओल आणतो, तो नको. ठरावीक वाटेने येऊन ठरावीक वाटेने बाहेर पडणारा वारा मात्र हवाच. आपल्या कपाटाची सारी रचना या एका विशेषणात आली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायातही द्रव्ये वस्त्र, मृद्भांड, फळी व खुंटी यांवर ठेवण्याचा निर्देश आहे. जमिनीचा व भिंतीचा स्पर्श टाळणे, हाच त्यातील हेतू.

नुसता वारा पुरत नाही, हे मागील खोलीतील पंख्याने आम्हास शिकविले. पावसाळ्यात हवा सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानाची आणि तिची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असते, असे धरू. ही हवा जवळजवळ तृप्त आहे. ती पानातील पाणी उचलणार तरी किती? पंखा रात्रभर फिरला तरी ओली हवाच ओल्या पानांवर फिरत राहते. मात्र हीच हवा ४० अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ४१ टक्क्यांवर येते. ३५ अंशांपर्यंतच तापविली, तर ती ५४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे तेरा अंशांच्या उबेने श्रावणातील हवेला फाल्गुनातील हवेची तहान लागते. याउलट नुसती ऊब देऊन हवा कोंडून ठेवली, तर पाने स्वतःच्याच वाफेत उकडतात, काळी पडतात आणि बुरशीस आयते घर मिळते. काही ठिकाणी बंद पेटीत केवळ दिवा लावून वनस्पती वाळवितात, तेथे नेमके हेच घडलेले आम्ही पाहिले आहे. ऊब आणि वारा यांचा मेळ प्रमाणात बसला पाहिजे.

ते प्रमाण किती, याचा हिशोब एकदा मांडून ठेवलेला बरा. दहा किलो ताज्या भुईआवळीत सुमारे साडेसात किलो पाणी असते. दहा टक्के ओल शिल्लक राहीपर्यंत वाळविल्यास पावणेतीन किलो द्रव्य हाती येते. म्हणजे सव्वासात लिटर पाणी हवेने वाहून न्यावयाचे आहे. चाळीस अंशांची हवा ट्रेंमधून फिरून साधारण ३३ अंशांवर बाहेर पडते, तेव्हा दर घनमीटरमागे तिने तीन-सव्वातीन ग्रॅम पाणी उचललेले असते. त्यानुसार काम एका दिवस-रात्रीत उरकावयाचे तर ताशी नव्वद ते शंभर घनमीटर हवा खेळती हवी आणि ती तेरा अंशांनी तापविण्यास सुमारे चारशे वॅट उष्णता लागते. कपाटाच्या भिंतींतून जाणारी उष्णता धरून आम्ही सहाशे वॅटचा हीटर बसविला. एका घाण्यास वीज साधारण दहा-बारा युनिट खर्च होते.

कपाट व त्यातील साधने

आम्ही दवाखान्यातील जुने लोखंडी कपाट वापरले. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल. नवीन प्लायवुडचे कपाट करवून घेण्याचा विचार आधी होता. पण नव्या प्लायवुडचा डिंकाचा वास उबेने अधिकच सुटतो आणि पाने तो धरतात, म्हणून तो सोडला. लोखंडी कपाटास दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ते बाहेरच्या भिंतीस टेकवू नये. चार-सहा इंच अंतर ठेवावे. अन्यथा पावसाने गार झालेल्या भिंतीमुळे कपाटाच्या मागील पत्र्यावर आतून दव सुटते आणि ते थेंब खालच्या ट्रेंवर गळतात. दुसरी, विजेचा संबंध येत असल्याने कपाटास अर्थिंग केलेच पाहिजे. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. वैद्याने येथे हस्तकौशल्य दाखवू नये.

आतील फळ्या काढून सहा-सहा इंचांवर आठ ट्रे बसविले. खाली एक फूट जागा हीटरसाठी व वर एक फूट मोकळी. ट्रेच्या चौकटी आम्ही बुरुडाकडून बांबूच्या करवून घेतल्या आणि त्यांवर स्टेनलेस स्टीलची जाळी ताणली. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्याने पितळेच्या जाळीची सूचना एका स्नेह्यांनी केली होती. तथापि आवळा, चिंच यांसारख्या आम्ल द्रव्यांचा पितळेशी संयोग इष्ट नसल्याने ती मानली नाही. बांबूस रंग वा वॉर्निश लावू नये, मात्र दर उन्हाळ्यात कडक उन्हात घालावा. घुण लागलेली चौकट तात्काळ बदलावी, कारण तो घुण पुढे मुळांच्या साठ्यात जातो. जाळीवर धुतलेले पातळ मलमल अंथरावे. छापील वर्तमानपत्र अंथरण्याची आपल्याकडील सवय सर्वस्वी सोडून द्यावी. शाई पानास लागते.

ट्रे कपाटाच्या खोलीपेक्षा दोन इंच आखूड ठेवावेत आणि एक पुढे सरकवून, दुसरा मागे सरकवून लावावा. त्यामुळे हवा सरळ वर न पळता नागमोडी वाटेने प्रत्येक ट्रेवरून जाते. प्रत्येक ट्रेमध्ये सव्वा किलोपेक्षा अधिक ओले द्रव्य घालू नये. पहिल्या वर्षी आम्ही लोभाने दोन-दोन किलो भरले. वरचे चार ट्रे तिसऱ्या दिवशीही दमट होते.

हीटर उघड्या तारेचा नसावा. पंख असलेल्या नळीचा, झाकलेला हीटर बाजारात मिळतो, तो घ्यावा. त्याच्यावर उतरता पत्रा बसवावा, जेणेकरून वरून गळणारी वाळकी पाने हीटरवर पडणार नाहीत. कपाटाला आग लागण्याचे सर्वांत संभाव्य कारण तेच आहे. थर्मोस्टॅटची कळ सर्वांत खालच्या ट्रेच्या उंचीवर असावी. त्याशिवाय तापमान साठ अंशांवर गेल्यास वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र कटआऊट असल्याखेरीज कपाट रात्री चालू ठेवू नये. हीटरला पंख्याच्या बटणातूनच वीज मिळेल अशी जोडणी करावी. पंखा बंद आणि हीटर चालू, ही स्थिती येताच कामा नये. पंखा अडकून जळाला तर हे बटण उपयोगाचे नाही, तेव्हा त्या कटआऊटचीच मदत होते.

वायुवीजन

येथे आमची मोठी चूक झाली आणि ती दुरुस्त करण्यात एक हंगाम गेला. प्रथम आम्ही सहा इंची एक्झॉस्ट पंखा कपाटाच्या माथ्यावर, हवा बाहेर ओढणारा असा बसविला. स्वयंपाकघरात पंखा वरच असतो, एवढाच त्यामागील विचार. परिणाम असा झाला, की दाराच्या फटींतून खोलीतील न तापलेली दमट हवा मधल्या ट्रेंवर ओढली जाऊ लागली. दाराजवळची पाने शेवटपर्यंत ओली राहत. शिवाय पानांची बारीक धूळ आणि ओलसर उष्ण हवा पंख्याच्या मोटारीतून जात असल्याने दोन महिन्यांत मोटार चिकटून बंद पडली.

पुढील वर्षी पंखा खाली आणला. आता तो खोलीतील हवा आत ढकलतो, ती हीटरवरून तापून ट्रेंमधून वर चढते आणि माथ्यावरील भोकातून बाहेर जाते. फटींतून काही गळती होते ती आतून बाहेर, त्यामुळे दमट हवा आत शिरत नाही. पंख्यास नेहमी गार, स्वच्छ हवा मिळते. ज्यांना कपाट करावयाचे आहे त्यांनी प्रथमपासून हीच रचना ठेवावी.

पंख्याच्या मुखावर, थोडे अंतर सोडून, बारीक जाळी व तिच्यावर मलमलीचा दुहेरी पडदा लावावा. याने धूळ, मुंग्या, झुरळे, पाली यांना अटकाव होतो. पडद्याची चौकट पंख्याच्या तोंडाच्या किमान दुप्पट क्षेत्रफळाची असावी. जाळी आणि कापड मिळून हवेची निम्मी वाट अडवितात. दर आठवड्यास पडदा धुवावा. वरच्या भोकास सहा इंची नळी जोडून ती खिडकीतून किंवा भिंतीतून थेट घराबाहेर काढावी. ही नळी अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु कपाटातून निघालेली सव्वासात लिटर पाण्याची वाफ त्याच खोलीत सोडली, तर पंखा तीच पुन्हा आत घेणार. नळी आखूड असावी, वळणे शक्यतो एकच असावे, बाहेरील तोंड खाली वळवून त्यावर जाळी व झडप ठेवावी, म्हणजे पावसाची झड आत येत नाही आणि चिमण्या घरटे करीत नाहीत.

आणखी एक गोष्ट. साध्या एक्झॉस्ट पंख्यावर हवेचे जे माप लिहिलेले असते ते मोकळ्या हवेतील होय. पडदा, आठ ट्रे आणि नळी यांचा अडथळा येताच ते निम्म्यावर येते. म्हणून ताशी दोनशे-अडीचशे घनमीटरचा पंखा घ्यावा आणि प्रत्यक्ष किती हवा निघते ते मोजावे. त्यास उपकरण लागत नाही. दोनशे लिटरच्या पिंपात आतून नीट बसेल एवढी मोठी पातळ पिशवी घ्यावी, चापून रिकामी करावी आणि तिचे तोंड बाहेरील नळीवर धरावे. पिशवी सात सेकंदांच्या आसपास पूर्ण फुगली, तर ताशी शंभर घनमीटर हवा निघत आहे. पंधरा सेकंद लागल्यास पडदा धुवावा, नळी तपासावी. ट्रेंमधील हवेची वाट पाहावयाची असल्यास दार किंचित उघडून उदबत्तीचा धूर धरावा. कोणता ट्रे उपाशी आहे ते लगेच दिसते.

मापन

तापमान आणि आर्द्रता दाखविणारे लहान उपकरण अल्प किमतीत मिळते. असे दोन घ्यावेत. एक खालच्या ट्रेजवळ, दुसरे बाहेर जाणाऱ्या हवेत. ही स्वस्त उपकरणे खोटे बोलतात, म्हणून वर्षातून एकदा त्यांची परीक्षा घ्यावी. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ थोड्या पाण्याने ओलसर करून ठेवावे, शेजारी उपकरण ठेवून डबा रात्रभर बंद ठेवावा. सकाळी आर्द्रता ७५ टक्के दिसली पाहिजे. ७० दिसल्यास पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवावेत. मीठ केवळ ओलसर असावे, पूर्ण विरघळू देऊ नये.

बाहेर जाणारी हवा काय सांगते, हे एकदा कळले की दार वारंवार उघडून पाने चुरगाळण्याची गरज उरत नाही. आरंभी खाली चाळीस अंश असताना वर ३३ अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के दिसते. पाने भरपूर पाणी सोडीत आहेत. जसजसे द्रव्य वाळते तसतसे वरचे तापमान खालच्या तापमानाजवळ येते आणि आर्द्रता ४५ टक्क्यांकडे उतरते. दोन्ही ठिकाणची वाचने जवळजवळ सारखी झाली आणि दोन तास तशीच राहिली, की काम झाले असे समजावे. जोडीला वजन ठेवावे. एका ट्रेवर खूण करून तो आरंभी व शेवटी तोलावा. सव्वा किलो भुईआवळी वाळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास येते. काडी वाकली तर ओली, कट् असा आवाज करून तुटली तर वाळली. आमच्या त्या पहिल्या घाण्यात आम्ही पान पाहिले, काडी मोडून पाहिली नाही.

द्रव्यपरत्वे विचार

सर्व द्रव्यांना चाळीस अंश चालत नाहीत आणि पुरतही नाहीत. तुळस, पुदिना, निर्गुडी यांसारखी सुगंधी द्रव्ये ३५ अंशांवर, हवा अधिक ठेवून, सावकाश वाळवावीत. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तेल उडून जात नाही. मुळे व कंद यांचे पातळ काप करावेत. त्यांस प्रथम ३५-४० अंश आणि नंतर ४५-५० अंश द्यावेत. आरंभीच जोराची ऊब दिल्यास वरचा थर कडक होऊन आतील पाणी कोंडते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा काप महिन्याभराने आतून बुरसतो. मुळे एका दिवसानंतर काढून एक रात्र झाकून ठेवावीत, म्हणजे आतील ओल पृष्ठभागी येते. मग पुन्हा कपाटात घालावीत.

काही द्रव्ये वाळवूच नयेत. शार्ङ्गधराने गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नेहमी आर्द्रच घ्यावीत असे म्हटले आहे. अश्वगंधा आपल्याकडे ओली मिळणे दुर्मिळ, ते व्यवहारात सुटते. पण अडुळसा दवाखान्याच्या कुंपणाला उभा असताना त्याचे चूर्ण करून ठेवण्यात शहाणपण नाही. बिब्बा या कपाटात कदापि ठेवू नये. उबेने त्याचे तेल व बाष्प सुटून ते ट्रेंना लागते आणि पुढील घाणा हाताळणाऱ्याच्या हातांवर स्फोट उठतात. वत्सनाभ, धोत्रा, गुंजा आदी विषद्रव्यांना स्वतंत्र व्यवस्था हवी. वेखंडासारखी उग्र वासाची द्रव्ये हंगामाच्या अखेरीस एकदाच घ्यावीत.

कपाटाचा विषय निघाला की काही तरुण वैद्यबंधू हमखास एक प्रश्न विचारतात. परदेशांत बंद तंबूत वा कपाटात दिवे, पंखे लावून भांगेची झाडे वाढवितात. विजया हे आपले शास्त्रोक्त द्रव्य असता आपणही औषधापुरती दोन रोपे का लावू नयेत? उत्तर असंदिग्ध आहे. अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ८ अन्वये परवानगीवाचून या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे आणि कलम २० अन्वये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कपाटातील रोप आणि शेतातील रोप असा भेद कायदा करीत नाही, वैद्याची पदवीही त्यात सूट देत नाही. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरे. पण भांगेचा व्यवहार राज्याच्या परवान्याच्या चौकटीतच करावयाचा असतो आणि औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत बी वगळून भांगेचा समावेश आहे. विजयायुक्त कल्प हवा असल्यास परवानाधारक निर्मात्याकडून देयकासह घ्यावा. आमचे कपाट दवाखान्याच्या दर्शनी खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल असे ठेवले आहे आणि प्रत्येक घाण्याची नोंदवही त्याच्या दारावर टांगलेली आहे. द्रव्याचे नाव, कोठून व कोणी आणले, ओले वजन, सुके वजन, सुरू व बंद करण्याची वेळ, कोणत्या डब्यांत भरले, एवढे रकाने पुरतात. अकरा रुग्णांना शोधताना वहीचे मोल आम्हास कळले होते.

नियमांबाबत एक खुलासा. २००० साली लागू झालेल्या ‘टी’ अनुसूचीतील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटींतून, बाजारात विक्री न करता केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषधे करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना सूट आहे. औषधालयाच्या मालकांनी मात्र ही सूट आपल्यासाठी आहे असे समजू नये. विक्रीसाठी निर्मिती करावयाची तर परवाना आणि त्यानुसारची जागा आवश्यकच आहे. दवाखान्यातील एक कपाट त्याची जागा घेऊ शकत नाही.

वीज जाणे व साठवण

पावसाळ्यात वीज जाते, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. पहिले आठ तास सर्वांत नाजूक. या काळात पाने ओली आणि उबदार असतात. वीज जाऊन हवा थांबली, तर दोन-तीन तासांतच ती घामेजतात. म्हणून घाणा सकाळी लवकर लावावा, म्हणजे हे तास आपल्या डोळ्यांदेखत जातात. वीज गेल्यास दार सताड उघडावे आणि अर्ध्या तासात न आल्यास ट्रे बाहेर काढून मोकळे मांडावेत. पंख्यापुरता इन्व्हर्टर असल्यास उत्तम. हीटर इन्व्हर्टरवर चालविण्याचा प्रयत्न करू नये. रात्री वीज किती वेळ गेली होती हे कळावे म्हणून आम्ही विजेवर चालणारे एक जुने घड्याळ कपाटाच्याच जोडणीवर लावले आहे. सकाळी ते जितके मागे, तितका वेळ वीज नव्हती.

वाळलेले द्रव्य लगेच डब्यात भरू नये आणि उघडेही ठेवू नये. गरम भरल्यास डब्याच्या झाकणाला आतून दव येते. रात्रभर उघडे ठेवल्यास श्रावणातील हवा वाळलेल्या पानांना पुन्हा पाणी पाजते. हीटर बंद करून पंखा पंधरा मिनिटे चालवावा, मग तोही बंद करून दोन्ही तोंडे झाकावीत आणि तासाभरात द्रव्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या वा काचेच्या भांड्यात भरावे. पावसाळ्यात चूर्ण करून ठेवू नये. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन मासांत क्षीण होते असे सांगितले आहे. आपल्या हवेत तो अवधी त्याहूनही कमी समजावा. अख्खे द्रव्य साठवावे आणि आठ-पंधरा दिवसांपुरतेच कुटावे.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक डबा उघडून नाकाशी धरावा आणि मधोमध हात घालून एक काडी मोडून पाहावी. डब्यात ते लहान उपकरण तासभर ठेवल्यास अधिक चांगले. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असावी. ६५ च्या वर दिसल्यास तो डबा त्याच दिवशी पुन्हा कपाटात रिकामा करावा. गेल्या हंगामात आमच्या बावीस डब्यांपैकी दोन असे निघाले. दोन्ही पुनर्नवेचे होते, आणि दोहोंतही जाड मुळांचे तुकडे पानांत राहून गेले होते. आता आम्ही पुनर्नवेची मुळे आधीच वेगळी करून, उभी चिरून, स्वतंत्र ट्रेमध्ये लावतो.